झुरळाच्या मेंदूतून संप्रेरकांचा माग काढणाऱ्या बर्टा शारर

चेतापेशींनी संदेश वाहावेत आणि ग्रंथींनी संप्रेरके स्रवावीत, अशी कामांची काटेकोर वाटणी शरीरशास्त्राने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गृहीत धरली होती. हे गृहीतक मोडून काढणाऱ्यांत बर्टा शारर अग्रभागी होत्या.

त्यांचा जन्म १९०६ मध्ये म्युनिक येथे झाला. मधमाश्यांवरील संशोधनासाठी त्यांनी कार्ल फॉन फ्रिश यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. १९३४ मध्ये त्या एर्न्स्ट शारर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. एर्न्स्ट यांनी १९२८ मध्येच एका लहानशा माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या चेतापेशी पाहिल्या होत्या. मात्र त्या स्रवतात, हे मानायला बहुतेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. तेव्हा पतीने पृष्ठवंशीय प्राणी आणि पत्नीने अपृष्ठवंशीय प्राणी तपासावेत, असे या दांपत्याने ठरवले.

नाझी राजवटीत राहणे असह्य होऊन दोघांनी १९३७ मध्ये अमेरिका गाठली. तेथे एर्न्स्ट यांना पदे मिळत गेली. बर्टा यांना प्रयोगशाळेत जागा मिळे, वेतन नव्हे. प्राणी विकत घेण्यास पैसे नसल्याने शिकागोत त्यांनी इमारतीच्या तळघरातील झुरळेच अभ्यासाला घेतली. पुढे मदेइरा जातीचे मोठे, संथ झुरळ त्यांच्या हाती आले आणि निवड किती अचूक होती, हे दिसून आले. मेंदूपासून त्यामागील ग्रंथीकडे जाणारी चेता त्यांनी कापली. स्रावाचे कण छेदाच्या मेंदूकडील बाजूस साचले, तर ग्रंथीतील साठा ओसरला. स्राव ग्रंथीत नव्हे, मेंदूच्या पेशींत तयार होऊन चेतातंतूंतून खाली वाहत होता. माणसातही ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन ही पेप्टाइडे हायपोथॅलॅमसमध्ये घडतात. पोषग्रंथीचा मागील भाग ती केवळ साठवून रक्तात सोडतो. एर्न्स्ट आणि वोल्फगांग बार्गमान यांनी १९५१ मध्ये हीच मांडणी केली होती. माशाने सुचवलेल्या गोष्टीला कीटकाने असा दुजोरा दिला.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात १९५५ मध्ये बर्टा सवेतन प्राध्यापक झाल्या, तेव्हा डॉक्टरेट मिळून पाव शतक लोटले होते. १९६५ मध्ये फ्लोरिडात पोहताना एर्न्स्ट बुडाले. बर्टा यांनी काम थांबवले नाही. चेतापेशींच्या पेप्टाइडांचा प्रतिकारशक्तीशी असलेला संबंध हा त्यांच्या उत्तरायुष्यातील विषय ठरला. त्यांना १९८३ चे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. झुरळाच्या एका जातीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.