सरखेल कान्होजी आंग्रे

१८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात आमच्या 'बेटवा' व 'बियास' या युद्धनौकांनी पोर्तुगीजांची जी नौका निकामी केली, तिचे नाव 'आफोन्सो द आल्बुकर्क' असे होते. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्याचे नाव साडेचारशे वर्षांनंतरही त्याच पाण्यात मिरवले जात होते. नौकेच्या नावात समुद्रावरचा हक्क सांगितलेला असतो, हे गोमंतकीयांना निराळे शिकवावे लागत नाही. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले. त्या नावाच्या पुरुषाचे स्मरण म्हणूनच अगत्याचे वाटते.

घराणे मूळचे संकपाळ. अंगरवाडी या गावावरून आंग्रे. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. मराठी राज्य मोगलांशी निकराने झगडत असता, १६९८ मध्ये, आरमाराचे आधिपत्य कान्होजींकडे आले आणि 'सरखेल' हा किताब मिळाला. हा शब्द मुळात घोडदळाच्या नायकाचा. दर्यावरच्या सेनापतीलाही आम्ही घोडेस्वाराचेच नाव द्यावे, यात मराठ्यांची समुद्राकडे पाहण्याची दृष्टी दिसून येते!

कान्होजींची दृष्टी मात्र अस्सल कोकणी होती. त्यांची मुख्य लढाऊ नौका गुराब. अरबी भाषेत गुराब म्हणजे कावळा. नाळ निमुळती, चोचीसारखी पुढे काढलेली; तिच्यावरून थेट समोर तोफा डागता येत. डोलकाठ्या दोन किंवा तीन; बूड उथळ, म्हणून ती खाडीत सहज शिरे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची हलकी गलबते तिला ओढून नेत आणि जागच्या जागी खिळलेल्या इंग्रजी जहाजाच्या पिछाडीवर मारा सुरू होई. मुंबईचा गव्हर्नर बून याने १७२० मध्ये विजयदुर्गासाठी 'फ्राम' नावाचा जाड भिंतींचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधवून धाडला. त्या अवजड धुडाचा काहीही उपयोग झाला नाही.

इंग्रज त्यांना चाचा म्हणत, पोर्तुगीजही म्हणत. पोर्तुगीजांचा कार्ताझ न घेता कोणी समुद्रात उतरला तर त्याचे जहाज जप्त होई, आणि त्याला कायदा म्हणत. कान्होजींनी आपल्या किनाऱ्यासमोर आपला दस्तक सक्तीचा केला, तेव्हा ती चाचेगिरी ठरली! त्यांच्या माणसांनी निरुपद्रवी व्यापाऱ्यांना कधीच उपद्रव दिला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो दोष त्या काळच्या कोणत्या आरमारात नव्हता?

ताराबाईंचा पक्ष घेऊन त्यांनी शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केले. पुढे बाळाजी विश्वनाथांनी युद्ध टाळून १७१३ मध्ये समेट घडविला आणि सरखेली कायम राहिली. बाळाजींच्या कर्तृत्वात आम्ही हा समेट फार वरचा मानतो. १७२१ अखेर गोव्याचा विसरई जातीने आला, इंग्रज आरमार आले. दोघांनी मिळून कुलाब्याला वेढा दिला. बाजीराव फौजेनिशी मदतीला धावले. पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवीत परतले. किनारा व घाटमाथा एकदिलाने उभे राहिले, त्याचे हे फळ.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मुलांत भाऊबंदकी माजली, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी जळून खाक झाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हे लिहिताना आजही लेखणी अडखळते.

मुंबईचा तो नाविक तळ परकी अमदानीत 'डलहौसी' म्हणून ओळखला जाई. सातारचे राज्य खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलचे ते नाव. बूनची गलबते ज्या मुंबईच्या किल्ल्याच्या आश्रयाने कान्होजींवर चालून गेली, त्याच किल्ल्याच्या आवारात आज नौदलाचा 'आंग्रे' तळ आहे.