लाले आंडर्सन

लाले आंडर्सन (जन्मनाव: लीझलॉटे हेलेना बेर्टा बुनेनबर्ग, २३ मार्च १९०५ – २९ ऑगस्ट १९७२) या जर्मन गायिका व अभिनेत्री होत्या. दुसऱ्या महायुद्धात बेलग्रेड येथील जर्मन सैनिकी नभोवाणी केंद्रावरून प्रसारित होणाऱ्या ‘लिली मार्लेन’ या गीतामुळे परस्परांविरुद्ध लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांत त्यांचा आवाज लोकप्रिय झाला. त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या देशातील नाझी राजवटीने त्यांच्यावर गायनबंदी घातली.

पूर्वायुष्य

आंडर्सन यांचा जन्म उत्तर जर्मनीतील आजच्या ब्रेमरहाफेन शहरात झाला. १९२२ मध्ये त्यांनी चित्रकार पाउल एर्न्स्ट विल्के यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन अपत्ये झाली. विवाह फार काळ टिकला नाही; १९२९ मध्ये मुलांना नातलगांकडे ठेवून त्या अभिनय शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. १९३३ ते १९३७ या काळात त्या झुरिक येथील नाट्यगृहात काम करीत होत्या. तेथे ज्यू कुटुंबातील संगीतकार रोल्फ लिबरमान यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. हा स्नेह त्यांनी पुढेही जपला व युद्धकाळात तोच त्यांना महागात पडला.

‘लिली मार्लेन’

या गीताचे शब्द हान्स लाइप यांचे आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, आघाडीवर जाण्यापूर्वी पहारा देणाऱ्या या तरुण सैनिकाने ती कविता लिहिली होती. छावणीच्या दाराशी दिव्याखाली प्रेयसीचा निरोप घेणारा आणि आपण परतू की नाही याची शाश्वती नसलेला सैनिक हा तिचा विषय. नोर्बर्ट शुल्ट्झे यांनी १९३८ मध्ये तिला चाल लावली. याच शुल्ट्झे यांनी पुढे राजवटीसाठी आक्रमक युद्धगीतेही रचली, परंतु त्यांचे नाव उरले ते या हळव्या गीतामुळे. आंडर्सन यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ते ध्वनिमुद्रित केले. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने बेलग्रेड जिंकले आणि तेथील प्रक्षेपण केंद्र सैनिकांच्या मनोरंजनासाठी वापरात आणले. केंद्राकडे ध्वनिमुद्रिका मोजक्याच होत्या व त्यांत ही दुर्लक्षित मुद्रिका होती. ती वाजेनाशी झाल्यावर सैनिकांकडून मागणीची पत्रे येऊ लागली. त्यामुळे रोज रात्री दहाच्या किंचित आधी हे गीत लावण्याचा प्रघात पडला. केंद्राचा प्रक्षेपक शक्तिशाली असल्याने ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत ऐकू येई. तेथे जर्मनांसमोर ब्रिटनचे आठवे सैन्य होते व त्यात भारतीय तुकड्याही होत्या. शत्रूचे गीत आपले सैनिक गुणगुणतात, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांना रुचेना. अखेर त्याची इंग्रजी आवृत्ती काढावी लागली. अमेरिकी सैन्यासाठी ते मार्लेन डीट्रिश यांनी गायले.

गायनबंदी

प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स यांना हे गीत नापसंत होते. घराची ओढ लावणारे गीत लढणाऱ्याचे मनोबल खचवते, असे त्यांचे मत होते. परंतु सैनिकांच्या मागणीपुढे ते बंद पाडणे सोपे नव्हते. गायिकेवर कारवाई करणे मात्र शक्य होते. १९४२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील ज्यू मित्रांशी संपर्क ठेवल्याच्या कारणावरून, आंडर्सन यांच्या जाहीर गायनावर बंदी आली. या काळात त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यांना छळछावणीत डांबल्याची बातमी ब्रिटिश नभोवाणीने दिली व ती खोटी ठरवण्यासाठीच राजवटीने त्यांना हात लावला नाही, असे सांगितले जाते. १९४३ मध्ये त्यांना पुन्हा गाण्याची मुभा मिळाली, ती ‘लिली मार्लेन’ न गाण्याच्या अटीवर. तथापि त्यांना केवळ पीडित ठरवणेही अपुरे होईल, कारण नाझी प्रचारयंत्रणेसाठी त्यांनी इंग्रजी गीतेही ध्वनिमुद्रित केली होती.

युद्धोत्तर काळ

१९४९ मध्ये त्यांनी स्विस संगीतकार आर्तुर बॉइल यांच्याशी विवाह केला. १९६० च्या सुमारास ‘नेव्हर ऑन संडे’ या चित्रपटातील गीताच्या जर्मन आवृत्तीने त्यांना पुन्हा मोठे यश मिळाले. मार्च १९६१ मध्ये, वयाची ५६ वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असताना, त्यांनी कान येथील युरोव्हिजन गीतस्पर्धेत पश्चिम जर्मनीचे प्रतिनिधित्व केले व तेराव्या आल्या. १९७२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. उत्तर समुद्रातील लांगओग बेटावर, जेथे त्या युद्धानंतर राहिल्या होत्या, त्यांचे दफन करण्यात आले. राइनर व्हेर्नर फासबिंडर यांनी १९८१ मध्ये ‘लिली मार्लेन’ हा चित्रपट त्यांच्या आत्मचरित्राच्या सैल आधारे काढला.