चित्रपटमहर्षी कै. दादासाहेब फाळके

यंदा आमच्या वाशीच्या शाळेतील काही विद्यार्थ्यांनी एक लहानसा चित्रपट काढण्याचे मनात आणिले आहे. अवर्षणाच्या दिवसांत दुरून पाणी आणणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट आहे. अजून सारा चित्रपट दूरच. केवळ प्रारंभीच्या दोन-तीन मिनिटांचाच विचार चालू आहे. पण त्या एवढ्याशा प्रारंभावरूनच आमच्या मंडळींत दोन तट पडले. कोणी म्हणतो, पडद्यावर पहिले चित्र उमटताच संबळ कडाडला पाहिजे, कारण आपला मुलूख आई तुळजाभवानीचा. कोणी म्हणतो, वाद्य मुळीच नको. रिकाम्या घागरीवर दोरखंड घासल्याचा आवाज तेवढा पुरे. आणि या सर्वांहून बिकट प्रश्न असा की, त्या मुलीचे काम करावयाचे कोणी? जी विद्यार्थिनी सर्वांच्या मते योग्य आहे, तिच्या घरची संमती अद्याप मिळालेली नाही. तेव्हा एखाद्या मुलासच परकर-पोलके नेसवून उभे करावे, अशीही सूचना पुढे आली.

मुलांनी आम्हांस सल्ला विचारिला. या कलेत आम्ही अनभिज्ञ आहो. परंतु ज्या गृहस्थापुढे हेच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, आणि तेही कोणी वाटाड्या नसताना, उभे राहिले होते, त्याचे चरित्र आम्हांस ठाऊक आहे. तेच या पृष्ठांतून विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस सादर करावे, असे आम्ही योजिले.

धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस सारा देश दादासाहेब म्हणून ओळखतो, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. घराणे वैदिक विद्येचे. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे जाणते पंडित. मुलानेही पोथी हाती धरावी, हे त्या घरात स्वाभाविक होते. परंतु धुंडिराजाचे लक्ष रंग, चित्रे, नाटके आणि जादूचे खेळ यांकडे अधिक. पुढे स्कॉटिश मिशनऱ्यांनी स्थापिलेल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाजीशास्त्र्यांस संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. या स्थलांतराने मुलाचे भाग्यच फळफळले, असे म्हणावयास हरकत नाही; कारण १८८५ साली त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम आणि छायालेखन यांचा अभ्यास केला.

यानंतरची वीस वर्षे पाहिली असता वरवर पाहणारास हा मनुष्य धरसोडीचा वाटेल. त्यांनी गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा मांडिला. तेथे प्लेगाने पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकाराची नोकरी धरिली व सोडिली. लोणावळ्यास राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात शिळाछापाचे काम केले. जादू शिकले, आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही करून दाखविले. स्वतःचा छापखाना काढिला, त्यासाठी १९०९ साली जर्मनीस जाऊन आले, आणि अखेर भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडून दिला. चाळिशी उलटलेला, पदरी संसार, आणि हातास काम नाही, अशी स्थिती झाली. परंतु चित्रकला, छायालेखन, नाट्य, रसायने, छपाई आणि जादू या सहा विद्या एकाच माणसाच्या ठायी एकत्र झाल्या होत्या, हे त्या वेळी कोणास उमगले नाही. त्या सर्वांस एका सूत्रात ओवणारा प्रसंग लवकरच आला.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालले असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या ही दृश्ये उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ते पत्नी सरस्वतीबाईंसह पुन्हा तो खेळ पाहण्यास गेले. एका धर्माच्या भक्तीने चितारलेली कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या मनुष्यास आपल्या कथांची आठवण व्हावी, यांत मत्सर नसून केवळ स्फूर्ती होती. आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढील दिवसांत त्यांनी चित्रपट पाहण्याचा व त्यांतील युक्ती हुडकण्याचा असा ध्यास घेतला की, डोळ्यांवर ताण पडून दृष्टी जवळजवळ गेली. सुदैवाने डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिशी गहाण टाकून त्यांनी पैसा उभारिला व फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठिले. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न व चित्रपटनिर्माते हेपवर्थ यांनी त्यांस मनापासून साह्य केले. कॅमेरा, फितीस भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फीत यांची तजवीज करून ते एप्रिलात परतले. धनिकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरिला, त्याची रोज थोडी थोडी चित्रे घेतली, आणि बीजातून वेल वर येत असल्याचा लहानसा चित्रपट करून दाखविला. ती वाढ अवघ्या मिनिटाभरात पाहून सावकाराची गाठ सुटली. तरी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडलेच.

आता आमच्या मुलांपुढील प्रश्न दादासाहेबांपुढे उभा राहिला. राजा हरिश्चंद्राची कथा ठरली, पण पात्रे कोठून आणावी? त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. आले ते असे की, रूपास बेताच्या मनुष्यांनी तसदी घेऊ नये, अशा अर्थाची पुस्ती जाहिरातीस जोडावी लागली. राजाच्या कामास दत्तात्रय दामोदर दाबके हे नट मिळाले. तारामतीच्या कामास मात्र एकही स्त्री तयार होईना. ज्यांच्याकडे समाज खालच्या नजरेने पाहत असे, त्या बायकांनीही नकार दिला. कारण पडद्यावर तोंड दाखविणे हे त्यांच्याही मते कमीपणाचे होते. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात सडपातळ बांध्याचा, नाजूक हातांचा एक तरुण आचारी दादासाहेबांच्या दृष्टीस पडला. त्याचे नाव अण्णा साळुंके. तेथील दहा रुपये पगाराऐवजी पंधरा देऊ करून त्यांनी त्यास आणिले, आणि भारताची पहिली तारामती सिद्ध झाली. स्त्रीवेष घेणाऱ्या नटांस मिशा काढावयास सांगताच नवाच पेच पडला. वडील हयात असता मिशा काढणे अशुभ, अशी समजूत! ती समजूत काढता काढता दादासाहेबांची पुरेवाट झाली. या नटांनी घरी लुगडे नेसून वावरावे, तांदूळ निवडावे, पीठ मळावे, असा त्यांचा दंडक होता. कारण चाल आणि हात ही वेषापेक्षा अधिक बोलतात, हे त्यांनी हेरिले होते.

रोहिदासाचे काम करावयास मूल मिळणे तर त्याहूनही कठीण. ज्या कथेत मुलास रानोमाळ हिंडावे लागते व सर्पदंशाने मरावे लागते, त्या कथेत आपले मूल कोण देईल? कोणीच दिले नाही. तेव्हा दादासाहेबांनी आपला पुत्र भालचंद्र यास उभे केले. चित्रण चालू असता तो खडकावर पडून जबर लागल्याने बेशुद्ध झाला, आणि तशा स्थितीतही वडिलांनी रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य पुरे केले, असे सांगतात. या निष्ठेपुढे मान लवते, तथापि तिचे अनुकरण कोणी करावे, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मुलास जे संकट सोसावयास लाविता येत नाही, ते स्वतःच्या मुलास सोसावयास लावावे काय, हा प्रश्न वाचकांनीच आपल्या मनाशी सोडवावा.

या सर्व खटाटोपात सरस्वतीबाईंचा वाटा लहान नव्हता. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक दिवसा, आणि फितीस भोके पाडणे, ती रसायनांत धुणे ही कामे रात्री, असा त्यांचा क्रम असे. चित्रपटाचे नाव काढिले की लोक नाक मुरडीत. म्हणून काम करणाऱ्यांनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहो, असे सांगावे, असा दादासाहेबांनी तोडगा काढिला होता. सुमारे सात महिन्यांच्या श्रमांनंतर ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांस व ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात सर्व लोकांस तो दाखविण्यात आला.

या चित्रपटाची फीत आज अंशतःच उपलब्ध आहे. तिच्या प्रारंभीचे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. राजा आपल्या मुलास धनुर्विद्या शिकवीत आहे, राणी कौतुकाने पाहत आहे, एवढेच ते दृश्य. युद्ध नाही, चमत्कार नाही. परंतु पुढे जे राज्य, जी पत्नी आणि जो पुत्र राजास गमवावा लागणार, ते सर्व पहिल्या दृश्यातच प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मांडिले आहे. जे हरपावयाचे ते आधी दाखवावे, म्हणजे हरपल्याचे दुःख कळते. उत्तम प्रारंभाचे रहस्य याहून वेगळे काय असणार? १९१९ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात तर त्यांनी याहून धिटाई केली. बालकृष्णाचे काम करणारी आपली लहान कन्या मंदाकिनी हिचा चेहरा त्यांनी प्रारंभीच पडद्यावर आणिला, निरनिराळे भाव तिच्या मुद्रेवर खेळविले, आणि मग तीच कृष्णवेषात प्रकट झाली. पात्राची निवड योग्य आहे, याची जणू साक्षच प्रेक्षकांपुढे ठेविली.

मध्यंतरी १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या माय-लेकींनी कामे करून स्त्रियांसाठी वाट मोकळी केली होती. तरीही १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता ही दोन्ही कामे एकट्या साळुंक्यांनीच केली. जुनी रूढी एका दिवसात उन्मळून पडत नाही, हेच खरे.

आता ध्वनीविषयी. दादासाहेबांचे चित्रपट मुके होते. परंतु ते दाखविले जात ती चित्रगृहे मुकी नव्हती. पडद्यापाशी पेटी-तबला वाजे, मजकुराच्या पाट्या कोणी मोठ्याने वाचून दाखवी, आणि देव प्रकट होताच प्रेक्षक जयघोष करीत. स्वर होता, पण तो गावोगावी निराळा. चित्रकर्त्याच्या हाती तो नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला, आणि ही स्थिती पालटली. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट त्याच सुमारास तयार होत होता. बोलपटापुढे तो टिकेना, म्हणून त्यास मागाहून आवाज जोडण्यात आला. परंतु मूकपटातील नटांचे ओठ शब्दांच्या मापाने हललेले नसतात. आधी अंगरखा शिवावा आणि मग माप घ्यावे, तशातलाच तो प्रकार.

याच्या उलट, १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने तीच हरिश्चंद्राची कथा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात मांडिली, तेव्हा विचार प्रथमपासूनच निराळा होता. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे स्वतः गावयाचे, वादकांनी चित्राच्या चौकटीबाहेर बसून साथ करावयाची, आणि सारे एकदमच ध्वनिमुद्रित व्हावयाचे. त्यामुळे पात्र निवडणे म्हणजे मुखाबरोबर कंठही निवडणे होते. राजाचे काम व संगीत-दिग्दर्शन ही दोन्ही गोविंदराव टेंबे यांजकडे होती, आणि तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे, मुंबईच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्री. आचाऱ्यास लुगडे नेसविल्यापासून येथवर यावयास एकोणीस वर्षे लागली.

दादासाहेबांनीही हार मानिली नाही. नाशिकास उभारिलेली हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी मतभेद, काशीस जाऊन राहणे, पुन्हा परत येणे, असे अनेक चढउतार सोसून झाल्यावर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी कोल्हापुरास ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. १९३७ साली निघालेला हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यानंतरची वर्षे नाशिकास विपन्नावस्थेत गेली आणि तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६९ सालापासून देशातील चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. जिवंतपणी ज्याची उपेक्षा केली, त्याच्या नावाने पुढे गौरव वाटावयाचा, ही जगाची रीत येथेही चुकली नाही.

असो. या चरित्रावरून आमच्या विद्यार्थ्यांस काय घेता येईल? संबळ की घागर, हा वाद चित्रे काढून झाल्यावर सोडविण्याचा नव्हे. ‘सेतुबंधना’ची आठवण ठेवून, कोणते दृश्य कोणत्या ध्वनीने उघडावे, हे कागदावर आधीच मांडावे. आमच्या अल्पमतीस असे वाटते की, पाणी नसल्याची गोष्ट सांगावयाची असता प्रथम घागरीचा पोकळ नाद ऐकू यावा, आणि संबळ मागाहून, पाणी लाभल्याच्या क्षणी वाजावा. जे हरपले ते आधी कळले, तर जे लाभले त्याचे मोल कळेल.

राहिला त्या मुलीच्या संमतीचा प्रश्न. तो मुलांनी सोडविण्याचा नाही, आणि आम्हीही त्यांत सक्ती करू इच्छीत नाही. आईबापांची काळजी खरी आहे. उन्हातान्हात, विहिरीच्या काठाशी काम चालावयाचे. तेव्हा कोणी वडील माणूस जवळ असल्यावाचून एकही दृश्य घेतले जाऊ नये, असे आम्ही मुलांस बजाविले आहे. तथापि पालकांस आमची एवढीच विनंती की, त्यांनी एकदा सराव पाहण्यास स्वतः यावे. १९१२ साली तारामती मिळाली नाही, कारण लोक न पाहताच नाही म्हणाले. आपल्या वाशीत आज पाहून जे ठरेल, ते आम्हांस शिरसावंद्य आहे. घागर डोक्यावर घेऊन वाट तुडविण्याचे दुःख या गावच्या मुलींनी जाणिले आहे. ते सांगण्याचे काम मिशा काढलेल्या मुलाकडे जाऊ नये, असे मात्र आमच्या मनास राहून राहून वाटते.