मायकेल डेव्हिट : कटाकडून कुळांकडे

आयर्लंडच्या प्रजासत्ताकवादी चळवळीला शेताच्या बांधापर्यंत नेणाऱ्यांत मायकेल डेव्हिट अग्रणी होते. मेयो परगण्यातील स्ट्रेड येथे 1846 मध्ये, ऐन दुष्काळात त्यांचा जन्म झाला. खंड थकल्याने 1850 मध्ये घरातून हुसकावलेले हे कुटुंब पोटासाठी लँकेशायरला गेले. तेथील कापडगिरणीत अकराव्या वर्षी त्यांनी उजवा हात गमावला.

तरुणपणी ते सशस्त्र क्रांतीच्या गुप्त संघटनेत शिरले. शस्त्रे पुरविल्याबद्दल 1870 मध्ये त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 1877 अखेर सुटका झाल्यावर मात्र गुप्त कटापेक्षा कुळांची उघड एकजूट प्रभावी ठरेल, हे त्यांनी ताडले. एप्रिल 1879 मध्ये आयरिशटाउनला सभा भरली आणि तेथील जमीनदाराला खंड घटवावा लागला. ऑक्टोबरमध्ये पार्नेल यांच्या अध्यक्षतेखाली लँड लीग स्थापन झाली. बेदखल कुळाची जमीन कोणी कसायची नाही, हा तिचा दंडक. ‘बॉयकॉट’ हा शब्द याच लढ्यातून 1880 मध्ये रूढ झाला. 1881 च्या कायद्याने न्याय्य खंड ठरविण्याची व्यवस्था आली.

बोअर युद्धाच्या निषेधार्थ 1899 मध्ये डेव्हिट यांनी खासदारकी सोडली. जमीन राष्ट्राची व्हावी, हा त्यांचा आग्रह सहकाऱ्यांनीही मानला नाही. 1903 च्या कायद्याने कुळांना मालकीची वाट खुली झाली. भूमिहीन मजूर त्या वाटेबाहेरच राहिला. 1906 मध्ये निवर्तलेल्या डेव्हिट यांचे दफन स्ट्रेडलाच झाले.