फिस्के सुब्बाराव
(तृतीय वर्ष, केमिकल)

मागच्या सेमिस्टरच्या व्हायवात सरांनी मला विचारलं, की ही फिस्क-सुब्बाराव पद्धत कोणाची? मी ठोकून दिलं, की फिस्के सुब्बाराव नावाच्या एका दाक्षिणात्य शास्त्रज्ञाची. शेजारी उभे असलेले तिघेही फिदीफिदी हसले. (त्यांनाही उत्तर येत नव्हतं, हे नंतर मेसमध्ये कळलं.) सर हसले नाहीत. ती दोन माणसं आहेत, एक अमेरिकन आणि एक आपला, एवढं सांगून त्यांनी माझं जर्नल पुढे ओढलं आणि रीडिंगवर बोट ठेवलं.

मित्रांनो, आता कबुलीजबाब देतो. ते रीडिंग माझं नव्हतं.

प्रॅक्टिकल होतं सीरममधला फॉस्फरस मोजण्याचं. तसं सोपं आहे. सीरममधली प्रथिनं ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने खाली बसवायची, गाळून घ्यायचं, त्यात अमोनियम मॉलिब्डेट आणि मग एक रिड्यूसिंग द्रावण टाकायचं. निळा रंग येतो. जितका फॉस्फेट जास्त, तितका निळा गडद. माहीत असलेल्या स्टँडर्डच्या निळ्याशी तुलना करायची, की झालं. निरोगी मोठ्या माणसाच्या सीरममध्ये 100 मिलिलिटरला साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम यायला हवं. माझं आलं 1.9. मी स्टँडर्ड आधी करून ठेवलं होतं, सीरमची नळी गप्पा मारता मारता नंतर केली आणि रंग पुरता उमलायच्या आत कलरीमीटरमध्ये घातली. पुन्हा करायचा कंटाळा. शेवटी सीनियरच्या जर्नलमधून 3.6 उचललं. हॉस्टेलच्या भाषेत, मॅनेज केलं.

सरांनी सही केली नाही. प्रॅक्टिकल परत कर आणि त्याआधी त्या दुसऱ्या माणसाबद्दल वाचून ये, म्हणाले. शिक्षा म्हणून वाचायला घेतलं आणि चार रात्री त्यातच गेल्या. ते सांगायलाच हा लेख.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आजच्या आंध्र प्रदेशातल्या भीमवरमचा. तेव्हा तो भाग मद्रास इलाख्यात होता. घरची परिस्थिती बेताची. तेराव्या वर्षी हा मुलगा घरातून पळाला. कुठे, तर काशीला! यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवायचे असा बेत होता. आईने त्याला परत आणून शाळेत बसवलं. पुढे मॅट्रिक. त्यात तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या प्रयत्नात पास. केटीवाल्यांनी हे वाक्य घरी दाखवायला हरकत नाही.

मग कॉलेज, रामकृष्ण मिशनमध्ये संन्यास घ्यायची ओढ, आईची परवानगी नाही, आणि शेवटी मद्रास मेडिकल कॉलेज. फीचा प्रश्न सासऱ्यांच्या मदतीने सुटला. ते दिवस गांधीजींच्या असहकाराचे. सुब्बाराव खादी घालू लागले, ऑपरेशनच्या खोलीतसुद्धा. सर्जरीच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. परिणाम असा, की लेखी पेपर चांगले जाऊनही त्यांना पूर्ण एम.बी.बी.एस. न मिळता एल.एम.एस. ही खालची पदवी मिळाली. त्या कागदावर सरकारी वैद्यकीय सेवेत जागा मिळेना. ते मद्रासच्या एका आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवू लागले.

याच सुमारास त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता स्प्रू. यात खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जातं, माणूस डोळ्यांदेखत वाळतो. औषध नव्हतं, कारणही कोणाला माहीत नव्हतं. खुद्द सुब्बारावांनाही तो आजार झाला होता. ते वाचले, आयुर्वेदिक उपचारांनी. घरात डॉक्टर असून दोन भाऊ गेले, हे त्यांच्या मनातून पुढे कधी गेलं नसणार. हे माझं मत. त्यांनी तसं लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही.

सासऱ्यांकडून आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीतून पैसे जमवून ते अमेरिकेला निघाले. ऑक्टोबर 1923 मध्ये बोस्टनला उतरले. बायकोला, शेषगिरीला, दोन-तीन वर्षांत येतो असं सांगितलं होतं. ती तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला आणि वर्षाचा व्हायच्या आत आजाराने गेला. बापाने त्याला पाहिलं नाही. सुब्बाराव परत आले नाहीत, कधीच. याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. अमेरिकेला एम.एस. करायला जाऊन तिथलेच झालेले नातेवाईक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत, पण व्हिडिओ कॉल नसलेल्या काळात पंचवीस वर्षं वाट पाहणारी बाई डोळ्यांसमोर आणून बघा. थोर माणूस म्हटला की ही बाजू आपण दोन ओळींत उरकतो. मीही तेच करतोय.

बोस्टनला हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय आजारांच्या विभागात प्रवेश होता, पण शिष्यवृत्ती नव्हती आणि अमेरिकेत डॉक्टरकी करायचा परवानाही नव्हता. मग एका हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीची हमाली धरली. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलायची, धुवायची. 1924 मध्ये डिप्लोमा झाला आणि ते हार्वर्डच्याच जीवरसायन विभागात आले. विभागप्रमुख होते ओटो फोलिन. हे नाव ओळखीचं वाटतंय? आपल्या फायनल इयरचा एक ग्रुप आवळ्याच्या रसातले अँटिऑक्सिडंट मोजत होता, आठवतंय? त्यात वापरलेलं फोलिन-सिओकाल्टो द्रावण याच फोलिनचं, 1927 सालचं. गंमत म्हणजे तिथेही शेवटी जो निळा येतो तो मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचाच.

फोलिनच्या विभागाचं वेडच ते होतं. रक्त, लघवी यांत अगदी थोड्या प्रमाणात असलेली द्रव्यं थोडक्याच नमुन्यातून मोजायची. त्याआधी वजन करून मोजायचं तर रक्त भरपूर लागायचं, आणि आजारी माणसाकडून किती काढणार? रंगाने मोजलं तर थोड्यात भागतं. आज झिंक, कॉपर असले सूक्ष्म घटक मोजायला अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन आहे, पण ते 1955 नंतरचं. तेव्हा होता ड्युबोस्क कलरीमीटर. दोन पेले, वरून डोळा लावायचा, आणि दोन्हींकडचा रंग सारखा दिसेपर्यंत द्रवाची खोली कमी-जास्त करायची. डिटेक्टर म्हणजे माणसाचा डोळा.

फॉस्फरससाठी मॉलिब्डेटची पद्धत आधीही होती. रिड्यूस करायला हायड्रोक्विनोन वापरत. पण रंग यायला वेळ लागे आणि इतर द्रव्यं मध्ये लुडबुड करत. सायरस फिस्क आणि सुब्बाराव यांनी हायड्रोक्विनोनच्या जागी अमिनोनॅफ्थॉल सल्फॉनिक आम्ल आणलं. रंग काही मिनिटांत येऊ लागला आणि भरवशाचा येऊ लागला. हा पेपर 1925 चा. त्यानंतर तो जगभर इतका वापरला गेला, की आज शंभर वर्षांनीही माझ्यासारखा आळशी मुलगा त्याच पद्धतीत रीडिंग मॅनेज करतो.

आता खरी गोष्ट. रक्तावर पद्धत बसली, तसं त्यांनी स्नायूंचा अर्क घेतला. तिथे रंग नीट येईना. म्हणजे येत होता, पण हळूहळू. स्टँडर्डची नळी वेळेत निळी होऊन थांबायची आणि स्नायूची नळी अजून गडद होतच राहायची. मी असतो तर काय केलं असतं ते वर सांगितलंच आहे. या दोघांनी त्या उशिराचाच पाठलाग केला. रंग अडवणारं काही आहे, की फॉस्फेटच उशिरा सुटतोय? दुसरं खरं निघालं. स्नायूत एक नाजूक संयुग होतं. ते मॉलिब्डेटच्या आम्लात हळूहळू फुटायचं आणि फॉस्फेट सोडायचं. ते वेगळं केलं, तेव्हा एका क्रिएटिनला एक फॉस्फरिक आम्ल असा हिशेब लागला. फॉस्फोक्रिएटिन, 1927. मांजराच्या स्नायूला विजेचे झटके देऊन पाहिलं तर ते कमी व्हायचं, विश्रांती दिली की पुन्हा भरायचं. (इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही त्याच सुमारास हेच द्रव्य दिसलं होतं.) स्नायूला बळ मिळतं ते लॅक्टिक आम्ल तयार होण्यातून, असं तेव्हा मानत. त्या कामाला 1922 चं नोबेलही मिळालेलं. त्या समजुतीला इथे तडा गेला. 1929 मध्ये याच जोडीने स्नायूतून एटीपी वेगळं काढलं. जर्मनीत कार्ल लोमाननेही त्याच वर्षी. अकरावीच्या बायोलॉजीत ज्या एटीपीचं चक्र पाठ करून आपण वैतागलो, ते हेच.

1930 मध्ये सुब्बारावांना पीएच.डी. मिळाली. कायमची जागा मात्र हार्वर्डने शेवटपर्यंत दिली नाही. स्वतःचं श्रेय मागायची त्यांना सवय नव्हती, हे एक. दुसरं जरा कडू आहे. फिस्क यांचेच विद्यार्थी जॉर्ज हिचिंग्स, ज्यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी नंतर असं सांगितल्याची नोंद आहे, की सुब्बारावांनी वेगळे काढलेले काही पदार्थ फिस्क यांच्या मत्सरापायी उजेडात आले नाहीत आणि इतरांना ते वर्षांनी नव्याने शोधावे लागले. म्हणजे व्हायवात मी दोघांना मिळून एक माणूस केला, तो घोळ तसा जुनाच म्हणायचा. फक्त तिथे उरलेलं नाव दुसरं होतं.

1940 मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. पुढची आठ वर्षं वाचताना दम लागतो. सगळं सांगत नाही, पण एक धागा सांगतोच, कारण त्याचं एक टोक मुंबईत आहे. 1928 मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयाचा ती अभ्यास करत होती. यीस्टचा अर्क दिला की त्या बऱ्या होतात, हे तिने 1931 मध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे हे ठाऊक नव्हतं. ते द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. लेडर्लीत सुब्बारावांच्या देखरेखीखाली ते यकृतातून शुद्ध स्वरूपात मिळालं आणि 1945 मध्ये प्रयोगशाळेत बनवलंही गेलं. लगेच डॉक्टरांनी ते स्प्रूच्या रुग्णांना देऊन पाहिलं. रुग्णांचं रक्त भरू लागलं, ते जेवू लागले. भाऊ जाऊन तोवर चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती.

फॉलिक आम्ल हाती आल्यावर त्याच्यासारखी दिसणारी पण त्याचं काम अडवणारी संयुगंही तिथे तयार झाली. त्यातलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. 1948 मध्ये छापलेल्या अहवालात 16 पैकी 10 मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती, पण त्याआधी तेवढीही कोणी पाहिली नव्हती. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगात आणि संधिवातात वापरतात. टेट्रासायक्लिन कुळातलं पहिलं अँटिबायोटिक, ऑरिओमायसिन, याच कंपनीतलं, तेही 1948 चंच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एके सकाळी सुब्बाराव आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. वय 53. अमेरिकेत पंचवीस वर्षं राहून ते तिथले नागरिक नव्हते. 1946 पर्यंत भारतीयांना तो हक्कच नव्हता आणि नंतर त्यांनी घेतला नाही. भारतात त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं 1995 मध्ये, जन्मशताब्दीला. एका बुरशीलाही त्यांचं नाव आहे, सुब्बारोमायसिस.

प्रॅक्टिकल मी परत केलं. या वेळी दर मिनिटाला रीडिंग घेतलं आणि ग्राफ काढला. 3.4 आलं. लॅबमधले मामा दोनदा येऊन दिवे बंद करायचे आहेत म्हणून सांगून गेले. सरांनी सही केली, ग्राफबद्दल काही बोलले नाहीत.

एक राहिलं. लेडर्लीतच 1947 च्या सुमारास हत्तीरोगावरचं एक औषध आलं, डायइथाइलकार्बामझीन. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे ठरावीक दिवशी आरोग्यवाल्या ताई घरोघर येऊन गोळ्या देतात, त्यात ही असते. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकांचा पाय मी लहानपणापासून पाहतोय. हे सगळं वाचलं त्या रात्री आईला फोन केला आणि विचारलं, की मागच्या वेळी बाबांनी गोळ्या घेतल्या का? आई म्हणाली, उपाशी पोटी घ्यायच्या नसतात म्हणून जेवण झाल्यावर घेतो असं त्यांनी ताईंना सांगितलं. गोळ्या अजून देव्हाऱ्याशेजारच्या डबीत आहेत.