तसबिरीतली लक्ष्मी आणि राजा रविवर्मा

माझे वडील परभणीत तसबिरी मढवतात. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाने जुन्या कॅलेंडरवरची रविवर्म्यांची लक्ष्मी मोठी छापून, काच घालून मागितली. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सर्व हक्क स्वाधीन' असे होते. वडिलांनी कायद्याच्या धसक्याने काम परत केले. दिवाळीच्या दिवसांत गेलेले गिऱ्हाईक आमच्या घराला परवडत नाही. म्हणून हे हक्क कोणाचे, ते शोधायला मी बसले.

राजा रविवर्मा २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे जन्मले. तैलरंगात पुराणातल्या देवता रंगवून त्यांनी नाव मिळवले. बडोद्याच्या सयाजीरावांनीही त्यांच्याकडून चित्रे करून घेतली. पण राजवाड्यातले चित्र किती जणांनी पाहायचे? छापील प्रती काढण्याची सूचना त्यांना दिवाण सर टी. माधवराव यांनी केली होती. हे माधवराव तंजावरचे मराठी. पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी चित्र वेगळ्या दगडावर उतरवायचे आणि एकच कागद त्या साऱ्या दगडांवरून छापत न्यायचा, असे ते काम. त्यामुळेच लक्ष्मी माझ्या आजीसारखीच्या कुडाच्या भिंतीवर आली. रविवर्म्यांना मात्र धंदा झेपला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा वारले. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला.

आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. या हिशेबानेही रविवर्म्यांचा हक्क १९६६ अखेर संपला. ती चित्रे आता सर्वांची. मग त्यांचा हुबेहूब फोटो काढणाऱ्याचे काय? न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ साली ठरवले की अशा फोटोत नवे काही नसते, म्हणून नवा हक्कही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली, कायद्याच्या निकालपत्रांच्या खटल्यात, नुसती मेहनत पुरत नाही, थोडे तरी स्वतःचे हवे, असे म्हटले. कॅलेंडरवाल्याची स्वतःची म्हणावी तर वेलबुट्टी आणि तारखांची मांडणी. लक्ष्मी त्याची नव्हे.

वेलबुट्टी आणि तारखा वगळून नुसते चित्र घ्यायला हरकत नाही, हे मी वडिलांना समजावले. त्यांनी ते गिऱ्हाईक आठवून पाहिले. नाव-गाव काही लिहून घेतले नव्हते.