कलामहर्षी बाबूराव पेंटर : शिष्य घडवणारा निर्माता

मराठी सिनेमा म्हटलं की मुलं दादासाहेब फाळके आणि व्ही. शांताराम ही दोन नावं पटकन सांगतात. पण शांतारामबापूंना कोणी घडवलं, असं विचारलं तर वर्ग गप्प होतो. उत्तर आहे, बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. आडनाव मिस्त्री. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, चित्रकला आणि शिल्पकला असे सगळे जाणणारे कारागीर. बाबूरावांचं शाळेत शिक्षण फारसं झालं नाही. त्यांची शाळा म्हणजे घरचा कारखाना! चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. हे पडदे इतके गाजले की लोक दोघांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

पुढे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा आपणच बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. पण 1916 मध्ये आनंदराव वारले. दुःख गिळून बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेरा तयार केलाच. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलाला हातभार लावला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यातल्या स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन गौरवलं. पुढे 1923 चा 'सिंहगड' आणि 1925 चा 'सावकारी पाश' आला. 'सावकारी पाश'ची कथा नारायण हरी आपटे यांची. जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत जाणारा शेतकरी त्यात दिसला. देवादिकांच्या कथा चालत असताना असा विषय घेणं धाडसाचंच होतं.

पण आपल्यासाठी महत्त्वाची आहे ती त्यांची शिकवण्याची रीत. कंपनीत येणारा मुलगा नट म्हणून आला तरी त्याला पडेल ते काम करावं लागे. बाबूराव प्रसंगांची आणि पोशाखांची चित्रं आधी स्वतः काढत. मुलं बघून बघून शिकत. विशीतले शांताराम असेच आले, पडेल ते काम करत राहिले, 'सुरेखाहरण'मध्ये कृष्ण झाले आणि 'सावकारी पाश'मध्ये तो शेतकरी. दामले, फत्तेलाल, धायबर हेही याच हाताखाली तयार झाले.

आणि मग 1929 साल उजाडलं. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनी सोडून गेले. सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. उजवे-डावे हातच गेले म्हणा ना! त्यात बोलपट आले. महाराष्ट्र फिल्म कंपनी काही वर्षांतच बंद पडली. गुरूची संस्था मिटत होती आणि शिष्यांची वाढत होती. हे बघताना त्यांना किती जड गेलं असेल, याची कल्पना आपण शिक्षक करू शकतो.

तरी बाबूराव थांबले नाहीत. 1936 मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा केला. 1947 मध्ये शांतारामबापूंच्या राजकमल संस्थेने 'लोकशाहीर राम जोशी' काढला, तेव्हा दिग्दर्शनासाठी बाबूरावांना बोलावलं. सोडून गेलेल्या शिष्याने गुरूला मानाने कामाला बोलावलं, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती? 16 जानेवारी 1954 रोजी बाबूरावांचं निधन झालं.

प्रभात पुढे पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांनी तिथे केलेला 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभातच्या त्याच आवारात आज देशभरातली मुलं सिनेमा शिकतात. त्यांच्यातल्या अनेकांना बाबूरावांचं नावही माहीत नसेल. आपण निदान आपल्या वर्गात ते सांगूया. आणि एखादा विद्यार्थी आपल्यापुढे निघून गेला, तर वाईट वाटू द्यावं थोडं, पण दार मात्र उघडं ठेवावं.